धातुबद्ध रबरी ऑइल सील

यंत्राच्या बंद पेटीतून बाहेर येणारा दंड फिरत असताना त्याच्या भोवतालच्या फटीतून आतील वंगण तेल बाहेर झिरपू नये आणि बाहेरील धूळ व पाणी आत शिरू नये, यासाठी त्या फटीत जे कडे बसवितात त्यास ‘ऑइल सील’ म्हणतात. या कड्याचे सामान्यतः तीन भाग असतात : पोलादी पत्र्याचे आवरण, त्यावर साच्यात घट्ट चिकटविलेले रबर व रबराच्या ओठाला दंडावर टेकवून ठेवणारी वेटोळ्या तारेची बारीक स्प्रिंग. धातूमुळे कड्याला ताठपणा येतो व ते पेटीच्या छिद्रात आवळून बसते. रबरामुळे फिरत्या दंडाशी लवचिक पण सतत स्पर्श राखता येतो. मोटारगाडी, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, धुलाई यंत्रे, शेतीची अवजारे, आगगाडीचे डबे अशा असंख्य ठिकाणी हा भाग असतो. त्याची किंमत यंत्राच्या किंमतीच्या मानाने नगण्य असली, तरी तो निकामी झाल्यास धारवे (बेअरिंगे) कोरडे पडतात, गतिरोधकाच्या अस्तरावर तेल येऊन ते घसरू लागते किंवा सबंध दंतचक्रपेटी उघडावी लागते.

ऑइल सीलचा ओठ दंडाला ज्या पट्टीवर टेकतो, तिची रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. एवढ्या अरुंद जागेत रबराची कड अखंड, तीक्ष्ण व एकसारखी असावी लागते. याउलट, रबराचे साचेकाम करताना साच्याच्या सांध्यांतून थोडे रबर बाहेर सरकते आणि त्याचा पातळ पापुद्रा वस्तूच्या कडेला राहतो. कारखान्यात या पापुद्र्यास ‘फ्लॅश’ म्हणतात. पायपुसण्याच्या किंवा बुटाच्या तळव्याच्या बाबतीत तो केवळ दिसण्यातील दोष होय. ऑइल सीलच्या बाबतीत तो योग्य जागी नसल्यास गळतीचे कारण ठरतो. त्यामुळे या लहानशा वस्तूचा इतिहास हा बऱ्याच अंशी द्रव्य, चिकटविण्याची कृती आणि साच्याची अचूकता या तीन गोष्टी एकमेकींशी जुळवून घेण्याचा इतिहास आहे.

चामड्याचा काळ : फिरत्या किंवा सरकत्या दंडाभोवतीची गळती थांबविण्याचा प्रश्न वाफेच्या एंजिनाइतकाच जुना आहे. आरंभी दंडाभोवतीच्या पोकळीत चरबीत भिजविलेला ताग किंवा अंबाडीचा दोर ठासून भरीत आणि तो वरून झाकणाने आवळीत. दोर झिजला की झाकण पुन्हा आवळावे लागे; फार आवळल्यास दंड तापे व झिजे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हा उच्च दाबाच्या पाण्यापुढे असे दोर टिकेनात. ब्रामा यांच्या कर्मशाळेतील कारागीर हेन्री मॉडस्ले यांना चामड्याच्या वाटीसारख्या कड्याची कल्पना सुचली, असे मानले जाते. पाण्याचा दाब वाढला की वाटीची कड आपोआप फाकून दट्ट्यावर अधिक घट्ट बसे. झाकण आवळण्याचे काम रोधल्या जाणाऱ्या द्रवाकडूनच करून घेण्याचे हे तत्त्व पुढे ओठ असलेल्या सर्व रोधकांचा पाया ठरले.

चामडे या कामाला चांगले होते. ते तेल शोषून धरते, कोरड्या दंडावरही काही काळ टिकते आणि खरबरीत पृष्ठभागही सहन करते. तथापि त्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. प्रत्येक कातडे वेगळे असते; त्याची जाडी व सच्छिद्रता एकसारखी नसते. सु. १०० से.च्या आसपास ते कडक होऊन तडकू लागते. शिवाय चामडे पोलादाला चिकटविता येत नसल्याने ते पत्र्याच्या दोन वाट्यांमध्ये दाबून पकडावे लागे. त्यामुळे तेल ओठाखालून थांबले, तरी चामडे व पत्रा यांच्या मधल्या सांध्यातून वाट काढीत असे.

मोटारगाड्यांच्या प्रसाराबरोबर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. चामड्याच्या धंद्यातील जुन्या कंपन्यांनीच तो प्रथम हाती घेतला, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेत १८७८ मध्ये स्थापन झालेली शिकागो रॉहाइड ही कंपनी आरंभी यंत्रांचे चामडी पट्टे करीत असे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती मोटारगाड्यांसाठी धातूच्या आवरणातील चामडी रोधक बनवू लागली. जर्मनीत व्हाइनहाइम येथे १८४९ पासून कातडी कमावण्याचा धंदा करणाऱ्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीला १९२९ च्या जागतिक मंदीत चामड्याची मागणी घटल्याने नवीन उत्पादने शोधावी लागली. तेथे १९३० च्या सुमारास अभियंता व्हाल्टर झिमर यांच्या नावावरून ‘झिमररिंग’ म्हणून ओळखले जाणारे कडे तयार झाले. त्यात पत्र्याचे आवरण, चामड्याचा ओठ व त्यावरील स्प्रिंग हे भाग होते. जर्मन भाषेत आजही कोणत्याही ऑइल सीलला बोलताना याच नावाने संबोधतात.

रबर मागे का राहिले : रबराची स्थितिस्थापकता व जलरोधकता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होती. लंडनमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी १८२० मध्ये रबर मळण्याचे यंत्र तयार केले. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधकाबरोबर रबर तापविल्यास ते उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होत नाही असे आढळून आले. हॅनकॉक यांनी १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये व गुडइयर यांनी १८४४ मध्ये अमेरिकेत या प्रक्रियेबद्दल एकस्वे मिळविली. या प्रक्रियेस व्हल्कनीकरण असे नाव पडले. व्हल्कनीकरणामुळे रबराच्या लांब रेणूंमध्ये गंधकाचे आडवे दुवे निर्माण होतात व साच्यात दिलेला आकार कायम राहतो. मात्र एकदा हे दुवे तयार झाले की, रबर पुन्हा वितळवून वापरता येत नाही. फ्लॅशच्या रूपाने वाया गेलेले रबर प्लॅस्टिकाप्रमाणे परत यंत्रात घालता येत नाही, याचे मूळ येथे आहे.

एवढे असूनही तेल रोधण्यास रबर निरुपयोगी ठरले. प्राणिज व वनस्पतिज तेलांच्या जागी, विशेषतः पेनसिल्व्हेनियातील १८५९ च्या खनिज तेलाच्या विहिरीनंतर, खनिज वंगणे प्रचारात आली. नैसर्गिक रबराचे रेणू व खनिज तेलाचे रेणू दोन्ही हायड्रोकार्बनांचे असल्याने रबर असे तेल शोषून फुगते, मऊ होते व फाटते. तेलाशी संबंध नसलेल्या ठिकाणी, म्हणजे पाण्याचे नळ, वाफेचे सांधे व हवेच्या नळ्या यांत रबर सर्रास वापरात आले. परंतु तेलपेटीच्या तोंडाशी चामडेच राहिले.

तेलरोधी संश्लेषित रबरे : ही अडचण १९३० च्या आगेमागे रसायनशास्त्राने दूर केली. अमेरिकेत पॉलिसल्फाइड वर्गातील थायोकॉल व त्यानंतर १९३१ मध्ये जाहीर झालेले द्यू पाँ कंपनीचे क्लोरोप्रीन रबर (पुढे निओप्रीन) ही तेलाला काही प्रमाणात दाद न देणारी पहिली रबरे होत. ऑइल सीलच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते जर्मनीतील आय. जी. फार्बेन उद्योगसमूहात एरिख कोनराड व एडुआर्ट चुंकूर यांनी विकसित केलेले ब्युटाडाइन व ॲक्रिलोनायट्राइल यांचे सहबहुवारिक. प्रथम ‘बुना-एन’ व नंतर ‘पेरबुनान’ या नावांनी ते विकले गेले. आता त्यास नायट्राइल रबर म्हणतात. त्यातील नायट्राइल गट ध्रुवीय असल्याने खनिज तेलाचे अध्रुवीय रेणू त्यात सहज शिरत नाहीत. ॲक्रिलोनायट्राइलाचे प्रमाण वाढविल्यास तेलरोध वाढतो, पण थंडीतील लवचिकपणा कमी होतो. म्हणून प्रत्येक उपयोगासाठी त्यांचा मेळ घालावा लागतो.

१९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात चामड्याच्या ओठाऐवजी संश्लेषित रबराचा ओठ वापरात येऊ लागला. याच काळात अमेरिकेत स्थायिक झालेले डॅनिश संशोधक नील्स क्रिस्टेन्सन यांना वर्तुळाकार छेदाच्या रबरी कड्याचे, म्हणजे ‘ओ-रिंग’चे, एकस्व १९३९ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील विमाने, रणगाडे व ट्रक यांच्या गरजेमुळे दोन्ही प्रकारच्या रोधकांचे उत्पादन झपाट्याने वाढले. मात्र ओ-रिंग संपूर्ण रबराची असते, तर ऑइल सीलमध्ये रबर व पोलाद एकजीव करावे लागते. त्यामुळे तिच्या निर्मितीत एक वेगळाच प्रश्न उभा राहिला.

रबर व धातू यांचे बंधन : पहिल्या रबरी सीलमध्ये चामड्याप्रमाणेच रबराची चकती दोन पत्र्यांत आवळून धरीत. कालांतराने रबर दबून सैल पडे आणि जुनी गळती पुन्हा सुरू होई. रबर थेट धातूला चिकटविण्याचे दोन मार्ग तेव्हा माहीत होते. एकात गंधकाचे प्रमाण फार असलेल्या कठीण रबराचा, म्हणजे एबोनाइटाचा, थर मध्ये घालीत. पण उष्णतेने तो मऊ पडे. दुसऱ्यात धातूवर पितळेचा मुलामा देत. व्हल्कनीकरणाच्या वेळी गंधकाची पितळेतील तांब्याशी विक्रिया होऊन सल्फाइडाचा थर तयार होतो व त्यात रबर गुंतून बसते. टायरमधील पोलादी तारांवर आजही पितळेचाच मुलामा असतो. परंतु मुलाम्याचे घटक प्रमाण व रबरातील गंधक यांचे अचूक संतुलन साधावे लागत असल्याने वेगवेगळ्या संश्लेषित रबरांसाठी ही पद्धत गैरसोयीची ठरली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत ट्रायआयसोसायनेट वर्गातील आसंजके या कामी वापरली गेली. १९५०–६० या दशकात अमेरिकेतील लॉर्ड कंपनीच्या ‘केमलॉक’सारखी तयार आसंजके बाजारात आली. नायट्राइल रबरासाठी फिनॉलिक रेझिनांवर आधारलेली आसंजके विशेष उपयुक्त ठरली. दाबयंत्राने ओढून घडविलेले पत्र्याचे कडे प्रथम तेलमुक्त करतात. नंतर त्यावर वाळूसदृश कणांचा मारा करतात किंवा जस्त फॉस्फेटाचा बारीक स्फटिकी थर चढवितात. मग आसंजक लावून वाळवितात. पोलादावर फॉस्फेटाचा थर देण्याच्या कृतीचे एकस्व इंग्लंडमध्ये टी. डब्ल्यू. कॉसलेट यांनी १९०६ मध्ये गंजरोधासाठी घेतले होते. तोच थर पुढे आसंजकाला पकड देण्यासाठी उपयोगी पडला. व्हल्कनीकरण व आसंजन या दोन्ही क्रिया साच्यात एकाच वेळी पूर्ण होतात. बंधन चांगले असल्यास ओढून पाहिले असता रबर फाटते, पण धातूपासून सुटत नाही; हीच त्याची परीक्षा होय.

या प्रगतीची एक किंमत कामगारांना मोजावी लागली. पत्रा तेलमुक्त करण्यासाठी अनेक दशके ट्रायक्लोरोएथिलिनाची वाफ वापरली जात असे व आसंजकेही ज्वलनशील विद्रावकांत विरघळविलेली असत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ट्रायक्लोरोएथिलिनाचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला. अल्कधर्मी जलीय धुलाई व पाण्यावर आधारलेली आसंजके यांचा प्रसार हा केवळ खर्चाचा नव्हे, तर आरोग्याचाही प्रश्न आहे.

फ्लॅश का निर्माण होतो : धातूचे कडे साच्यात ठेवून त्यावर कच्च्या रबराचे वळे ठेवतात आणि १५० ते २०० से. तापमानाच्या दाबयंत्रात साचा मिटतात. उष्णतेने रबर प्रथम पातळ होऊन वाहू लागते व साच्याचे कानेकोपरे भरते. थोड्या वेळाने व्हल्कनीकरण सुरू होऊन ते घट्ट होत जाते. या अल्पशा अवधीतच साचा पूर्ण भरला पाहिजे. वळ्यातील रबर थोडे जरी कमी पडले, तर वस्तू अपुरी राहते. म्हणून रबर किंचित जास्त घेतात आणि हे जास्तीचे रबर साच्याच्या सांध्यातून बाहेर पडते.

जास्तीचे रबर हे फ्लॅशचे एकमेव कारण नव्हे. रबराचा प्रसरण गुणांक पोलादाच्या सु. पंधरा पट असतो. बंद साच्यात तापलेले रबर पोकळीपेक्षा अधिक वाढू पाहते व साच्याचे भाग एकमेकांपासून ढकलते. दाबयंत्राचे बल अपुरे असल्यास, साच्याच्या पाट्या समांतर नसल्यास किंवा सांध्याची कड झिजली असल्यास फट वाढते. धातूच्या कड्याबाबत आणखी एक अडचण असते. साच्याचा काही भाग पोलादी साच्यावर न मिटता थेट कड्याच्या पत्र्यावर मिटतो. पत्र्याची जाडी व कड्याचा व्यास प्रत्येक नगागणिक थोडा बदलतो. कडे जाड असल्यास साचा पूर्ण मिटत नाही व सर्वत्र फ्लॅश येतो. ते पातळ असल्यास रबर पत्र्यावरून पुढे सरकते. ज्या बाह्य पृष्ठभागाने कडे पेटीत आवळून बसावयाचे, त्यावर असे पसरलेले रबर बसविताना खरवडले जाते व तुकड्यांच्या रूपाने तेलात जाऊ शकते.

यावर साचा पूर्णपणे घट्ट मिटावा, हा उपाय वरवर सरळ वाटतो; पण रबर आत येताना साच्यातील हवा बाहेर जाणेही आवश्यक असते. हवेला वाट न मिळाल्यास रबरात पोकळ्या राहतात, आणि दबलेली हवा तापून आसंजकाचा थर बिघडवू शकते. हवा जाईल पण रबर जाणार नाही इतकीच फट ठेवणे, हे साचा बनविणाऱ्याचे खरे कौशल्य होय. याशिवाय रबर जोराने वाहिल्यास ते धातूवरील आसंजक पुसून नेते व तेथे बंधन होत नाही. म्हणजे रबर कमी वाहिले तर साचा भरत नाही, जास्त वाहिले तर फ्लॅश येतो व बंधन सुटते.

उपाययोजनेचा विकास : आरंभी फ्लॅश अटळ मानून तो नंतर काढून टाकीत. कात्री, पाते किंवा फिरत्या दगडाच्या साह्याने कामगार एकेक कडे हाताने साफ करीत. नंतर वस्तू थंड करून ढोलात घोळविण्याची युक्ती निघाली. घन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या (−७८ से.) किंवा द्रवरूप नायट्रोजनाच्या (−१९६ से.) थंडीने पातळ फ्लॅश जाड भागाच्या आधी ठिसूळ होतो व घोळविताना किंवा प्लॅस्टिकाच्या बारीक गोळ्यांच्या माऱ्याने तुटून पडतो. ओ-रिंगसारख्या सुट्या वस्तूंना ही पद्धत फार सोयीची आहे. धातुबद्ध सीलमध्ये मात्र ती जपून वापरावी लागते. कारण धातू व रबर यांचे आकुंचन भिन्न असल्याने बंधनावर ताण येतो, आणि गोळ्यांचा मारा ओठाच्या कडेवर झाल्यास तीच खराब होते.

दुसरी दिशा फ्लॅश मुळातच कमी करण्याची होती. तीत पहिली पायरी म्हणजे वळ्याचे वजन नेमके ठेवणे. रबर दट्ट्याने मुखातून दाबून काढून फिरत्या पात्याने ठराविक जाडीचे काप पाडणारी यंत्रे आल्यावर हाताने कापलेल्या पट्ट्यांतील कमीजास्तपणा गेला. दुसरी पायरी साच्याच्या रचनेतील होती. पोकळीच्या कडेला अगदी अरुंद सपाट पट्टी व तिच्या पलीकडे खोबण ठेवतात. एकंदर बल तेच असले, तरी ते अरुंद पट्टीवर एकवटल्याने सांधा घट्ट मिटतो. जास्तीचे रबर खोबणीत जमते आणि वस्तू काढल्यावर ते एका ओढीत फाटून वेगळे होते. अशा प्रकारे फ्लॅश नाहीसा होत नाही, तर तो नेमक्या व निरुपद्रवी जागी आणला जातो.

तिसरी पायरी रबर साच्यात भरण्याच्या रीतीची होय. संपीडन साचेकामात साचा मिटत असतानाच रबर वाहते. स्थानांतरण साचेकामात साचा आधी मिटतात व नंतर वरच्या भांड्यातील रबर दट्ट्याने बारीक छिद्रांतून आत दाबतात. प्लॅस्टिकांसाठी अमेरिकेत १९२०–३० या दशकात पुढे आलेली ही पद्धत रबरासही लागू पडली. त्यात सांध्यातील फ्लॅश बराच कमी होतो, मात्र भांड्यात उरलेली रबराची चकती दर वेळी वाया जाते. अंतःक्षेपण साचेकामात मळसूत्राने आधीच तापवून मऊ केलेले रबर मोजून साच्यात सोडतात. १९६० नंतर रबर उद्योगात ही पद्धत रुळली. तीत एका नगास लागणारा वेळ कमी होतो. शीत वाहिन्यांची योजना केल्यास वाहिन्यांतील रबर कच्चेच राहून पुढील नगास उपयोगी पडते. साचा मिटल्यावर त्यातील हवा पंपाने काढून घेण्याची सोय झाल्याने हवेसाठी फट ठेवण्याची गरजही कमी झाली.

चौथी पायरी धातूच्या कड्याशी संबंधित आहे. साच्याचा जो भाग पत्र्यावर मिटतो, तो स्प्रिंगवर आधारलेला ठेवल्यास पत्र्याच्या जाडीतील फरक स्प्रिंग सामावून घेते. काही साच्यांत त्या जागी बारीक उंचवटा ठेवतात; तो पत्र्यावर किंचित रुतून रबराची वाट अडवितो. तथापि पत्रा ओढण्याच्या साच्यांतील अचूकता वाढल्याखेरीज या युक्त्या पुरेशा ठरत नाहीत. अनुभवी पर्यवेक्षक फ्लॅश वाढल्याचे दिसताच आधी रबराचा साचा न पाहता आलेल्या कड्यांची मापे तपासतो, ते यामुळेच.

ओठाची कड : ओठाच्या कडेबाबत मात्र बराच काळ साच्यावर भरवसा ठेवला गेला नाही. ओठ मुद्दाम थोडा लांब घडवीत आणि नंतर कडे फिरते ठेवून धारदार पात्याने जादा भाग कापीत. कापलेली कड साच्यातील कडेपेक्षा तीक्ष्ण व एकसारखी मिळे. पुढे साच्यांची अचूकता वाढल्यावर थेट साच्यात घडविलेली कडही वापरात आली. तिच्यासाठी साच्याचा सांधा स्पर्शरेषेपासून दूर नेणे ही प्रमुख अट असते.

या कडेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर १९५० नंतरच्या संशोधनाने दिले. ओठ दंडावर कोरडा घासतो व त्यामुळेच तेल अडते, असा पूर्वी समज होता. इंग्लंडमध्ये ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून फिरत्या दंडावर ओठाखाली तेलाचा अतिशय पातळ पटल असतो, असे दिसून आले. पटल असल्याने ओठ फारसा झिजत नाही. मग तेल बाहेर का येत नाही, असा नवा प्रश्न उभा राहिला. पुढे जपान, जर्मनी व अमेरिका येथील संशोधकांनी दाखविले की, चांगला सील उलटा बसविल्यास तो तेल बाहेर पंप करतो. म्हणजे योग्य दिशेने बसविल्यावर तो सतत तेल आत ढकलत असतो. ओठाचा तेलाकडील उतार अधिक उभा (सु. ४५ अंश) व हवेकडील उतार सौम्य (सु. २५ अंश) असतो. त्यामुळे स्पर्शपट्टीतील दाब विषम होतो, आणि झिजेने रबरावर निर्माण झालेले सूक्ष्म उंचवटे दंडाच्या गतीने वाकून तेलाला आतल्या दिशेने वळवितात. या उतारांच्या संगमरेषेवर फ्लॅशचा अंश, खाच किंवा हवेचा फुगा राहिल्यास त्या ठिकाणी ही क्रिया खंडित होते. सबंध परिघात एकच दोष असला, तरी तेलाला तेवढी वाट पुरते.

नवीन द्रव्ये : एंजिनांची तापमाने वाढली तशी नायट्राइल रबराची सु. १०० से.ची मर्यादा अपुरी पडू लागली. पॉलिॲक्रिलेट, सिलिकोन आणि १९५७ मध्ये द्यू पाँ कंपनीने ‘व्हायटन’ या नावाने आणलेले फ्ल्युओरीनयुक्त रबर यांचा वापर सुरू झाला. प्रत्येक द्रव्याबरोबर फ्लॅशचा प्रश्न नव्या रूपात आला. द्रवरूप सिलिकोन इतके पातळ असते की, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान फटीतही शिरते. त्याच्या साच्यांना घड्याळाच्या भागांइतकी अचूकता लागते. फ्ल्युओरीनयुक्त रबर नायट्राइल रबरापेक्षा कितीतरी महाग असल्याने फ्लॅशमध्ये जाणारा प्रत्येक ग्रॅम खर्चात भर घालतो. फ्ल्युओरीनयुक्त संयुगांवर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये यूरोपातील पाच देशांनी मांडल्यानंतर या द्रव्याच्या वापराकडे पर्यावरणाच्या दृष्टीनेही पाहिले जाऊ लागले आहे.

मानके व भारत : ऑइल सीलची मापे व प्रकार जर्मन मानक ३७६० व १९८२ पासून आंतरराष्ट्रीय मानक ६१९४ यांनी निश्चित केले. त्यांत बाहेरून रबराने मढविलेले, धातूचे आवरण उघडे असलेले व दुहेरी धातूचे असे प्रमुख प्रकार असून धुळीसाठी दुसरा ओठ असलेले उपप्रकारही आहेत. भारतात मुंबईत कुर्ला येथे व १९६० नंतर पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड परिसरात वाहननिर्मितीचे कारखाने वाढले, तशी अशा सुट्या भागांची मागणी वाढली. भारतीय मानक ५१२९ हे याच वस्तूसंबंधी आहे. ठाणे येथे रबर उद्योगाची स्वतंत्र संशोधन संस्था असून तेथे रबराच्या मिश्रणांच्या व वस्तूंच्या कसोट्या घेतल्या जातात.

लहान कारखान्यांत आजही संपीडन साचेकाम व हाताने कापणी मोठ्या प्रमाणावर चालते. वर्षाकाठी थोडेच नग लागणाऱ्या मापासाठी अंतःक्षेपणाचा महागडा साचा परवडत नाही, हे त्याचे कारण होय. तेथेही वळ्याचे वजन तपासणे, सांध्याची पट्टी वेळोवेळी घासून सरळ करणे, आलेल्या कड्यांची मापे घेणे व आसंजक लावलेली कडी धूळ आणि हाताच्या तेलकटपणापासून जपणे एवढ्या साध्या गोष्टींनी दोष पुष्कळ कमी होतात. कापणीवर होणारा खर्च सहसा वेगळा मोजला जात नाही. तो मोजला तर साच्याच्या दुरुस्तीवरील खर्च बहुधा अल्प ठरतो. चामड्याच्या वाटीपासून आजच्या धातुबद्ध कड्यापर्यंत द्रव्ये व यंत्रे बदलली, तरी अरुंद कडेवर एकसारखा स्पर्श राखणे हीच या वस्तूची कसोटी राहिली आहे, आणि साचेकामातील फ्लॅशचे नियंत्रण हा त्या कसोटीचाच एक भाग होय.